दहा मिनिटांत चालू होणारा कॉम्प्युटर

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्यात चरईत राहणाऱ्या एका निवृत्त काकांकडे २०१४ साली जोडून घेतलेला डेस्कटॉप आहे. चौथ्या जनरेशनचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. सोसायटीच्या मेंटेनन्सचे हिशेब, नातवंडांचे फोटो, थोडं मराठी टायपिंग आणि बँकेची कामं एवढाच वापर. पूर्वी दीड मिनिटात चालू व्हायचा, गेल्या दोन वर्षांत मंदावत गेला, आता दहा मिनिटं लागतात. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारा, जावई म्हणतात नवीन घ्या. काय करावं?

काका, दोघांचंही लगेच ऐकू नका. मी नौपाड्यात गेली बावीस वर्षं हेच काम करतोय, आणि ‘हळूहळू स्लो झाला’ असं कुणी म्हणालं की माझ्या डोक्यात आधी हार्ड डिस्क येते. एका दिवसात अचानक स्लो झालेल्या मशीनची कारणं शंभर असतात. दोन वर्षं रोज थोडा थोडा बसत गेलेल्या मशीनची कारणं फार नसतात.

पहिलं काम आजच करा. हिशेबाच्या फायली आणि फोटो पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. तपासणी, सफाई, फॉरमॅट सगळं त्यानंतर. हे मी नियम म्हणून सांगत नाही, मार खाऊन सांगतोय. धंद्यात नवीन होतो तेव्हा एका बाईंचा कॉम्प्युटर आला होता, तक्रार तुमच्यासारखीच. डिस्कवर बॅड सेक्टर (वाचता न येणारे तुकडे) दिसले म्हणून मी हुशारीने चेकडिस्क (विंडोजमधलं डिस्क तपासण्याचं साधन) पूर्ण पृष्ठभागाच्या तपासणीसकट लावून दिलं आणि घरी गेलो. सकाळी येऊन बघतो तर डिस्क टक्-टक् आवाज करतेय आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, तिचं नावच येत नाही. आजारी डिस्कला मी रात्रभर पळवलं होतं. तिच्यावर मुलाच्या मुंजीचे फोटो होते आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती. बाई काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

बॅकअप म्हणजे नुसतं डॉक्युमेंट्सचं फोल्डर नव्हे. तुमच्या वयाच्या गिऱ्हाइकांच्या निम्म्या फायली डेस्कटॉपवर सांडलेल्या असतात, त्या घ्या. डाउनलोड्स घ्या. ब्राउझरमधले पासवर्ड वहीत उतरवा. हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर असेल तर त्याचं डेटा फोल्डर कुठे आहे ते बघून घ्या. आणि मराठी टायपिंग युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत, नसून जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर तो फॉन्टही कॉपी करा. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर तुमची दहा वर्षांची सभेची इतिवृत्तं उघडली की नुसती चिन्हं नि आकडे दिसतील. फॉरमॅटनंतर ‘माझं मराठी गेलं’ म्हणून परत आलेले लोक मी कितीतरी पाहिलेत.

कॉपी करतानाच डिस्क बरंच काही सांगते. सगळं सुरळीत चाललंय आणि एका फाइलवर येऊन काटा अडतो, मिनिटभर काही हलत नाही, मग पुन्हा धावतो, असं झालं तर निदान जवळजवळ झालंच म्हणा. ती फाइल सोडून पुढची घ्या. तिथेच हट्ट करू नका.

आता मोजमाप. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. कॉम्प्युटर चालू केल्याबरोबर बघू नका, कारण तेव्हा अपडेट, अँटिव्हायरस, फायलींची सूची करणं अशी सगळी कामं एकदम डिस्कवर तुटून पडलेली असतात. चालू करून पंधरा मिनिटं थांबा, चहा घ्या, मग काहीही न उघडता परफॉर्मन्सचं पान बघा. डिस्क १०० टक्के दिसेल, असा माझा अंदाज आहे. पण तेवढ्यावर थांबू नका. खाली दोन आकडे असतात, सेकंदाला किती डेटा जातोय आणि सरासरी प्रतिसादाला किती वेळ लागतोय. धडधाकट हार्ड डिस्कचा प्रतिसाद साधारण दहा-वीस मिलिसेकंदांत येतो, कामाच्या गर्दीत थोडा वाढतो. डिस्क १०० टक्के गुंतलेली, डेटा सेकंदाला जेमतेम १ एमबी आणि प्रतिसाद पाचशे, हजार, दोन हजार मिलिसेकंद असं दिसलं तर ती काम करत नाहीये, झगडतेय.

हे असं का होतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुढे कुणी फसवणार नाही. वाण्याचं दुकान डोळ्यासमोर आणा. गल्ल्यावर शेठ बसलाय, तो प्रोसेसर. समोरची फळी म्हणजे रॅम. बाकी माल माळ्यावर, म्हणजे हार्ड डिस्कवर, आणि माळ्यावर चढायला पोऱ्या एकच. तुमच्या डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे एका फेऱ्याला आठ मिलिसेकंदांच्या थोडं वर. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, शिवाय ते डोकं योग्य पट्ट्यावर नेण्याचा वेळ. सगळं धरून विखुरलेले तुकडे सेकंदाला ऐंशी-शंभरच्या वर मिळत नाहीत. विंडोज सुरू होताना असे हजारो छोटे तुकडे मागते. एसएसडीत, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नसल्याने तोच तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास हातात येतो.

त्यात डिस्क खराब व्हायला लागली की पोऱ्या एका डब्यापाशी अडकतो. झाकण निघत नाही म्हणून पुन्हा पुन्हा ओढत राहतो, आणि खाली रांग तशीच उभी. घरगुती डिस्क अशा एका सेक्टरसाठी कित्येक सेकंद प्रयत्न करत राहते. विंडोजही धीराने थांबते, तुम्हाला काही सांगत नाही. म्हणून बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, ‘हँग होतोय’. शेठ बदलून, म्हणजे नवा प्रोसेसर घालून, यात काही फरक पडणार नाही.

डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये कळते. निळ्या-पिवळ्या पाटीवर जाऊ नका, खालची यादी बघा. ०५ क्रमांकाच्या ओळीत किती सेक्टर बाद करून राखीव जागेतले वापरले ते असतं. सी-५ म्हणजे संशयित, अजून वाचता न आलेले सेक्टर. सी-६ म्हणजे वाचताच न येणारे. शेवटच्या रकान्यात या तिन्हींसमोर शून्य हवं. सी-५ वाढत चालला असेल तर माझ्या लेखी ती डिस्क गेली, मग पाटीवर काहीही लिहिलेलं असो. मात्र सी-७ समोर आकडा असेल तर घाबरू नका. तो डिस्क आणि मदरबोर्डमधल्या केबलच्या चुकांचा असतो, आणि तो आकडा पुन्हा शून्य कधी होत नाही. आज लिहून ठेवा, आठवड्याने बघा. वाढला असेल तर त्या दोघांना जोडणारी लाल साटा केबल बदला. चिल्लर खर्चाचं काम, पण या केबलपायी चांगल्या डिस्का भंगारात गेलेल्या मी पाहिल्यात.

फॉरमॅटला माझा विरोध का, ते आता लक्षात आलं असेल. फॉरमॅट मारल्यावर पंधरा दिवस मशीन पळतं, कारण विंडोज बऱ्याचदा डिस्कच्या वेगळ्या, बऱ्या भागावर जाऊन बसते आणि कचराही गेलेला असतो. गिऱ्हाईक खूश. दोन महिन्यांनी पुन्हा तेच, पुन्हा फॉरमॅटचे पैसे. दुखणं तसंच राहिलं आणि मधल्या मध्ये फोटो गेले.

डिस्क ठणठणीत निघाली तर? मग मंदपणा कधी येतो ते बघा. चालू होताना सगळ्यात वाईट आणि नंतर बरा, तर वेळ डिस्कवर किंवा सुरुवातीला आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये जातोय. ब्राउझरच्या चार-पाच खिडक्या उघडल्या की बसतो, तर रॅम. सकाळी छान आणि दुपारी मरगळतो, तर उष्णता.

ऐरोलीच्या एका घरी मी याच कारणासाठी तीन फेऱ्या मारल्या होत्या. मी जायचो सकाळी दहाला आणि मशीन सुतासारखं सरळ चालायचं. चौथ्यांदा साडेतीनला गेलो. पश्चिमेची गॅलरी, तिला लागून टेबल, टेबलाच्या खालच्या कप्प्यात कॅबिनेट, आणि धूळ बसू नये म्हणून कप्प्याचं दार बंद! प्रोसेसर नव्वदच्या पुढे गेला होता. शंभर अंशांच्या आसपास पोचला की प्रोसेसर जळू नये म्हणून आपणच वेग उतरवतो. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरच्या पानावर वेग दिसतो. तुमचा आय-थ्री साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपासचा असणार. भरपूर काम चालू असताना तो आकडा दीड-दोनवर घसरला तर उष्णता धरा. ऐरोलीत उपाय म्हणून कप्प्याचं दार बिजागरीतून काढलं, त्याचे पैसे काय घेणार?

पण नुसतं दार काढून सगळीकडे भागत नाही. कॅबिनेटचं डावं झाकण काढा. आधी प्लग उपसा, बटण बंद करून चालणार नाही. प्रोसेसरवरचा पंखा आणि त्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्या यांच्यामध्ये बघा. वरून पंखा स्वच्छ दिसतो आणि खाली राखाडी नमद्यासारखा थर बसलेला असतो, हवा जायला फटच नाही. घोडबंदर रोडच्या बाजूला बांधकामाची बारीक धूळ मिळते, ती ब्रशने निघते. देवघर किंवा स्वयंपाकघर जवळ असेल तर उदबत्तीचा धूर आणि फोडणीचं तेल धुळीत मिसळून चिकट काळा थर होतो, तो ब्रशला दाद देत नाही, पंखा सोडवूनच काढावा लागतो. रंगाचा एक इंची नवा ब्रश घ्या. ब्लोअर मारणार असाल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, हवेने गरगर फिरवू नका. आणि ते चार पांढरे-काळे खुंटे तपासा, ज्यांनी कूलर बोर्डला धरलेला असतो. एक जरी सुटला तरी कूलर तिरका होतो आणि प्रोसेसरला नीट टेकत नाही. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली, उष्णता वाहून नेणारी बारा वर्षांची थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली असणार. ती पुसून नवी लावायची, मुगाच्या दाण्याएवढी. जास्त लावली म्हणजे जास्त थंड होतं असं नसतं.

वीज पुरवणारा एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धक्का बसण्याइतकी वीज साठून राहू शकते. त्याच्या जाळीतून झुरळांची पिल्लं बाहेर पडताना दिसली तर मशीन घेऊन या. चेष्टा करत नाही. ऊबदार, अंधारी जागा, त्यांना आणखी काय हवं.

रॅमबद्दल थोडक्यात. ४ जीबी आज विंडोज १० ला आणि ब्राउझरला मिळून पुरत नाही. रॅम भरली की विंडोज उरलेला पसारा डिस्कवर टाकते, म्हणजे पुन्हा त्या पोऱ्याच्याच डोक्यावर. म्हणून टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ८५-९० टक्के आणि डिस्कही १०० टक्के असं एकत्र दिसलं तर ब्राउझर बंद करून बघा. डिस्क शांत झाली तर मूळ दोष रॅमचा. तुमच्या बोर्डाला डीडीआर-थ्री लागते, डीडीआर-फोर तिथे बसणारच नाही, खाचच वेगळी असते. बहुतेक ४ ची एकच पट्टी असेल, दुसरी खाच रिकामी. तिथे तशीच ४ ची टाका, दोन पट्ट्या जोडीने थोडं जास्त बरं काम करतात. मात्र सिस्टिमच्या पानावर ‘३२-बिट’ लिहिलेलं असेल तर आधी विंडोज बदलावी लागेल, नाहीतर वाढवलेली रॅम दिसूनही वापरता येणार नाही. जुनी पट्टी काढलीत तर तिचे सोनेरी दात साध्या पांढऱ्या खोडरबरने पुसा. खाडीकडच्या दमट हवेने त्यांवर थर धरतो.

व्हायरसची भीती लोकांना सगळ्यात जास्त आणि माझ्या अनुभवात हळूहळू मंदावण्यात त्याचा वाटा सगळ्यात कमी. दोन अँटिव्हायरस एकत्र असतील तर एक काढा, विंडोजमधला तुम्हाला पुरेसा आहे. कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस’ असं येत असेल तर बहुतेक वेळा ती कुठल्यातरी साइटला चुकून दिलेली नोटिफिकेशनची परवानगी असते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती काढा. रॅम बूस्टर, रजिस्ट्री क्लीनर वगैरे काही टाकू नका.

एक गंमत सांगतो. तुम्ही रोज रात्री शट डाउन करता ना? टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरच्या पानावर ‘अप टाइम’ बघा. कित्येकदा तिथे तीस-चाळीस दिवस दिसतात. फास्ट स्टार्टअप चालू असलं की शट डाउनमध्ये विंडोज पुरती झोपत नाही, आपला गाभा डिस्कवर तसाच लिहून ठेवते आणि सकाळी तोच उचलते. म्हणून आठवड्यातून एकदा शट डाउनऐवजी रीस्टार्ट करा. अडलेली अपडेटं आणि तुंबलेली मेमरी त्यात मोकळी होते.

आता नवीन घ्यायचा की नाही. जावईबापूंचा एक मुद्दा बरोबर आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने मुदतवाढ ठेवली आहे, पण तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच, आणि त्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन नोंदणी करावी लागते. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, तुमचं मशीन त्यात बसत नाही. आडवाटेने टाकून देणारे आहेत. ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार आणि सोसायटीचे पैसे हलतात, तिथे मी ते करत नाही.

म्हणून माझा सल्ला असा राहील. डिस्क खराब असो वा नसो, २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी आणि ४ जीबी रॅम टाका. नवीन कॉम्प्युटर घेतलात तर ही एसएसडी त्यातही चालते, पैसे बुडत नाहीत. एसएसडी बोर्डावरच्या साटा-थ्रीच्या खाचेत लावा, तुमच्या काळच्या बऱ्याच बोर्डांवर दोन वेगवान आणि दोन निम्म्या वेगाच्या खाचा असतात. चुकून हळू खाचेत लागली तरी जुन्या डिस्कपेक्षा जमीन-अस्मानाचा फरक पडेल. बायोसमध्ये साटाचा मोड एएचसीआय असावा. विंडोज क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कवरून जशीच्या तशी कॉपी, करू नका, नव्याने टाका. बारा वर्षांचा कचरा नव्या घरात कशाला न्यायचा? लायसन्सची काळजी नको, विंडोज १० ची डिजिटल नोंद मुख्यतः मदरबोर्डाशी जोडलेली असते, डिस्क बदलल्याने ती जात नाही. एसएसडी डीफ्रॅग (विखुरलेल्या फायली एकत्र लावणं) करायची नसते, आणि ती गच्च भरू देऊ नका, पाचवा हिस्सा मोकळा ठेवा.

मग २०२६ च्या ऑक्टोबरनंतर? ब्राउझर, फोटो, पत्रं एवढंच असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी सिस्टिम टाकून हे मशीन आणखी तीन-चार वर्षं निवांत चालेल. मिंटची २२ वी आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळली जाणार आहे, आणि युनिकोड मराठी त्यात व्यवस्थित चालतं. पण डिजिटल सहीचा डोंगल किंवा टॅली असेल तर त्या वाटेला जाऊ नका, तेव्हा जावयाचं ऐका.

सामान आणायला मुंबईतल्या कॉम्प्युटरच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला, जाणार असाल तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा, पण आधी तुमच्या जुन्या रॅमच्या पट्टीच्या स्टिकरचा फोटो मोबाइलमध्ये घ्या. डीडीआर-थ्री आता नवी कमी आणि वापरलेलीच जास्त मिळते. ‘बदलून देऊ’ हे बिलावर लिहून घ्या.

आणि काढलेली जुनी डिस्क लगेच पुसू नका. तिच्यावर तारखेची चिठ्ठी लावून सहा महिने कपाटात ठेवा. ‘अरे, ती एक फाइल राहिलीच’ असा फोन मला साधारण तिसऱ्या आठवड्यात येतो.